२४ मार्च १९९०: त्रिंकोमालीहून परत

उंबरठा (धागाकर्ता)

आमचा मामा पायवाटेने चालायचा नाही. वाट कितीही मळलेली असो, हा गडी शेजारच्या ढेकळांतून नाहीतर बांधावरून जाणार. पावसाळ्यात गुडघाभर चिखल झाला तरी तसंच. आम्ही पोरं मागून चिडवायचो. खूप नंतर कळलं की श्रीलंकेत, जाफन्यात, सुरुंग वाटेतच पुरलेले असायचे, म्हणून दीड वर्ष ही माणसं वाट सोडून चालली. परत आल्यावर ती सवय मोडायचा हुकूम त्यांना कोणी दिला नाही.

मामा गेल्या महिन्यात वारला. तेराव्याला दोघातिघांनी मला विचारलं, "कारगिलला होते ना?" मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मान हलवली आणि पंगतीत वाढायला गेलो. त्याची लाज वाटते आहे, म्हणून हा धागा.

तो शांतिसेनेत होता, महार रेजिमेंटच्या एका पलटणीत. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि आपलं सैन्य तिकडे गेलं. तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायची, शांतता राखायची आणि परत यायचं, असं ठरलं होतं. अडीच महिन्यांत आपण त्यांच्यातल्याच वाघांशी, म्हणजे प्रभाकरनच्या एलटीटीईशी, लढत होतो. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून जहाजाने निघाली. साडेअकराशेच्या वर जवान गेले. जखमी कितीतरी जास्त.

आपण तिथे का गेलो, कोणाचं चुकलं, यावर खूप लिहून झालंय. मला परतीचं विचारायचं आहे. आपण निघावं असं लंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांना वाटत होतं आणि प्रभाकरनलाही. दिल्लीत नवं आलेलं सरकार तेच म्हणत होतं, तामिळनाडूत तर कोणाला आपलं तोंडही बघायचं नव्हतं. इतक्या लोकांचं एकमत आपल्याकडे एरवी कशावरही होत नाही. तरी ती माघार अशी चोरट्यासारखी का झाली? आणि मागे कोण राहिलं?

---

तिरकस

आधीच सांगून ठेवतो, राजीव विरुद्ध व्ही. पी. असा आखाडा सुरू झाला की मी उठलो.

तुमच्या मामांना नमस्कार.

---

फाटकी_वही

चांगला धागा. पूर्वपीठिका थोडक्यात टाकते, तरुण मंडळींसाठी.

१९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. त्यानंतर आपणच तमिळ गटांच्या पोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं, तामिळनाडूत आणि उत्तरेतही. म्हणजे पुढे ज्यांच्याशी लढलो त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याच उस्तादांनी शिकवलेलं. ४ जून १९८७ ला आपल्या विमानांनी जाफन्यावर धान्याची पोती टाकली, लंकेची परवानगी न घेता. त्यानंतर जयवर्धने कराराला तयार झाले. मनापासून झाले असं कोणी म्हणणार नाही. त्यांचे पंतप्रधान प्रेमदासा सहीच्या समारंभाला आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना लंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून मारला. मान झटकन खाली घेतली म्हणून डोकं वाचलं. तो फोटो तेव्हा सगळ्या पेपरांत होता.

दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली डाव्या पक्षाचा उठाव पेटला तो याच रागावर. भारतीय माल विकाल तर खबरदार, असं दुकानदारांना धमकावलं जायचं. म्हणजे आपली फौज उत्तरेत लढत होती आणि आपला करार दक्षिणेत माणसं मारत होता.

---

जुना_शिपाई

मी फारसा लिहीत नाही. आज लिहितो.

पहिल्या आठवड्यात आम्हाला हार घातले. खरंच. बायका ओवाळायला आल्या, पोरं गाडीवर चढायची. ऑक्टोबरात त्याच गल्ल्यांतून गोळ्या आल्या. आमच्या हातात एसएलआर, लांब आणि जड, आणि समोरच्याकडे एके सत्तेचाळीस. जाफन्याच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं. कुंपणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. गळ्यात सायनाइडची कुपी बांधलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं असू शकतं, किंवा विहिरीवर पाणी काढणारी आजी.

सप्टेंबरात वाघांचा थिलीपन नल्लूरच्या देवळाशी उपोषणाला बसला, पाणीसुद्धा न घेता, आणि २६ तारखेला गेला. तेव्हाच लोकांचे डोळे बदलले. मग ५ ऑक्टोबर. समुद्रात पकडलेले सतरा वाघ पलालीच्या तळावर होते, त्यांना लंकेचं सैन्य कोलंबोला नेणार म्हणताच त्यांनी सायनाइड चावलं. बारा मेले. त्यानंतर शांतिसेनेतली शांती संपली.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने माणसं उतरवली. प्रभाकरनला तिथेच पकडायचं होतं. वाघांना आधीच सुगावा लागलेला. शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरले, त्यातले एकोणतीस तिथेच गेले. बाकीच्यांना घेऊन येणारी हेलिकॉप्टरं पुन्हा उतरूच शकली नाहीत. त्या तिसांनी गोळ्या संपेपर्यंत झुंज दिली. याचं आपल्याकडे कुठल्या शाळेत सांगतात?

मेजर परमेश्वरन आठ महारचे. २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागल्यावर समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याला पाडलं. परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर. जन्म मुंबईचा. मुंबईत किती जणांना माहीत आहे बघा विचारून.

---

रिकामटेकडी

शिपाईकाका, आदर आहेच. पण हा धागा नुसत्या शौर्याचा होऊ नये म्हणून लिहिते. २१ ऑक्टोबर १९८७, ऐन दिवाळीत, जाफन्याचं सरकारी रुग्णालय. आपले जवान आत शिरले आणि गोळीबारात साठाच्या वर माणसं गेली. रुग्ण, परिचारिका, डॉक्टर. एक डॉक्टर तर दुसऱ्या दिवशी हात वर करून, आम्ही इथले कर्मचारी आहोत असं सांगत बाहेर आले आणि त्यांनाही गोळी घातली, असं वाचलेल्यांनी सांगितलंय. आयपीकेएफचा (इंडियन पीस कीपिंग फोर्स, म्हणजे आपली शांतिसेना) अर्थ तिथले लोक 'इनोसंट पीपल किलिंग फोर्स' असा लावायचे तो उगाच नाही.

---

तिरकस

रुग्णालयातून आपल्यावर गोळीबार होत होता, असं लष्कराचं म्हणणं आहे. तेही लिहा की.

---

रिकामटेकडी

लिहिलं समजा. मग खाटेवरच्या माणसाच्या हातात काय होतं?

---

जुना_शिपाई

मी रुग्णालयात नव्हतो. तिरकस, तुम्हीही नव्हता.

आमच्या तुकडीतला एक जण सकाळी सुरुंगाने गेला. त्याचा पाय आम्ही पोत्यात भरला. दुपारी त्याच रस्त्यावरची घरं तपासायला आम्हालाच पाठवलं. त्या दुपारी आम्ही दारं कशी उघडली ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. ताईंचं म्हणणं खोडत नाही मी.

---

दुपारचा_चहा

वाचतोय. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

---

खारवा

मूळ प्रश्नाकडे येतो, मागे कोण राहिलं. हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कराराप्रमाणे उत्तर आणि पूर्वेचा मिळून एक प्रांत झाला. नोव्हेंबर १९८८ मध्ये आपल्या बंदोबस्तात प्रांतिक निवडणूक झाली. वाघांचा बहिष्कार होताच. वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले, ईपीआरएलएफ या दुसऱ्या तमिळ गटाचे. सरकार त्रिंकोमालीत बसायचं, पण ते टिकून होतं आपल्या संगिनींच्या कुंपणात. आपण निघणार हे दिसू लागल्यावर या सरकारला स्वतःची फौज हवी म्हणून 'तमिळ राष्ट्रीय सेना' उभी करायचं ठरलं. उभी कशी केली? शाळेतून घरी चाललेली, सायकलवरची, सिनेमाच्या रांगेतली पोरं उचलून. दोन-चार आठवडे कवायत, हातात बंदूक. आपण एकेक जिल्हा रिकामा करत गेलो तसे वाघ त्या तळांवर तुटून पडले. पोरं मेली किंवा पळाली आणि बंदुका अलगद वाघांच्या हाती लागल्या.

तिकडे प्रेमदासांची वेगळीच गंमत. १९८९ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष झाले आणि जूनमध्ये त्यांनी जाहीर सांगून टाकलं की २९ जुलैपर्यंत भारतीय सैन्य हललं पाहिजे. करार झाल्याच्या बरोबर दुसऱ्या वर्षदिनी. एकीकडे वाघांशी बोलणी आणि आपल्याशी लढायला त्यांना शस्त्रंही. हे पुढे उघड झालं. म्हणजे ज्या देशाची एकात्मता राखायला आपले जवान मरत होते, त्याच देशाच्या सरकारने दिलेल्या गोळीने.

१ मार्च १९९० ला पेरुमलांनी स्वतंत्र ईलम, म्हणजे तमिळांचं वेगळं राष्ट्र, जाहीर करून टाकलं. बुडणाऱ्याने हात वर करावा तसं. त्याच महिन्यात ते आणि त्यांचे लोक भारतात आले. तामिळनाडूने नको म्हटल्यावर त्यातल्या बऱ्याच कुटुंबांना ओडिशात मलकानगिरीला नेऊन ठेवलं. जाफन्याच्या समुद्राकाठची माणसं, त्यांना नेलं कुठे तर मलकानगिरीच्या जंगलात!

रशियनांच्या अफगाणिस्तानातल्या माघारीशी तुलना करून बघा. त्यांचा जनरल ग्रोमोव्ह १५ फेब्रुवारी १९८९ ला पूल ओलांडून परतला आणि मागे ठेवलेला नजीबुल्ला एप्रिल १९९२ पर्यंत टिकला, कारण पैसा आणि दारूगोळा चालू होता. अमेरिकेचे घनी १५ ऑगस्ट २०२१ ला पळाले, शेवटचं विमान ३० ऑगस्टला उडालं. पेरुमल या दुसऱ्या रांगेतले. आपण मागे फौज ठेवली नाही हे ठीकच झालं, पण मागे काहीच कसं ठेवलं नाही?

---

तिरकस

खारवा, इथे मी असहमत. काय ठेवायला हवं होतं? आणखी सहा महिने? आणखी दोनशे शवपेट्या? प्रांतिक सरकार लोकांचं नव्हतंच, तुम्हीच लिहिलंय. दुसऱ्याच्या घरात आपल्या माणसाला खुर्चीवर बसवायचं आणि ती खुर्ची जन्मभर धरून उभं राहायचं, हा धंदा कोणालाच परवडत नाही. व्ही. पी. सिंग यांनी निर्णय घेतला तो बरोबर होता. (हो, मीच म्हणालो होतो आखाडा नको. माहीत आहे.)

---

फाटकी_वही

तिरकसशी अर्धी सहमत. निघणं बरोबर, निघण्याची रीत चुकली. लंकेच्या सरकारकडून लेखी काही घेता आलं असतं का? घेतलं असतं तरी त्यांनी पाळलं असतं का? करारानंतर लंकेच्या घटनेत झालेल्या तेराव्या दुरुस्तीतले अधिकार प्रांतांना आजही पुरते मिळालेले नाहीत. उत्तर प्रांताची पहिली वेगळी निवडणूक व्हायला २०१३ उजाडलं. एवढ्या उशिरा, आणि तेही प्रभाकरन मे २००९ मध्ये मारला गेल्यानंतर.

---

मैना८१

मी तेव्हा मद्रासमध्ये शाळेत होते, वडिलांची बदली होती तिथे. शेवटची जहाजं आली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या सैन्याला हार कसा घालू, असा त्यांचा सूर. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते पटत होतं आणि मला कळत नव्हतं की आपलेच सैनिक म्हटल्यावर यात पटण्यासारखं काय आहे. घरी बाबांनी सांगितलं, शाळेत या विषयावर तोंड उघडायचं नाही.

जूनमध्ये कोडंबाक्कमला ईपीआरएलएफचे पद्मनाभ आणि त्यांचे साथीदार मारले गेले. भर वस्तीत, ग्रेनेड आणि गोळ्या. खारवा यांनी विचारलेले 'मागे राहिलेले' लोक पळून इथे आले तरी सुटले नाहीत. बाबा म्हणाले, आता लढाई इकडेच आली. त्या हल्ल्यातला शिवरासन अकरा महिन्यांनी श्रीपेरुंबुदूरला, राजीव गांधींच्या हत्येच्या जागी होता. २१ मे १९९१. त्यानंतर मद्रासमध्ये वाघांचं नाव मोठ्याने घेणारी माणसं एका रात्रीत दिसेनाशी झाली. वर्गातली पोरंसुद्धा.

---

खारवा

मैनाताई, हे पुढच्यांसाठी जपून ठेवण्यासारखं लिहिलंत.

तिकडचं राहिलं होतं, तेही टाकतो. आपण निघाल्यावर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत तोच, जून १९९० मध्ये, वाघांनी पूर्वेकडची पोलीस ठाणी घेरली आणि शरण आलेल्या शेकडो पोलिसांना रांगेत उभं करून मारलं. पुन्हा युद्ध. ऑक्टोबरात उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हाकललं. जाफना शहरात तर दोन तासांची मुदत. सत्तर हजारांच्या आसपास माणसं नेसत्या वस्त्रानिशी निघाली. आणि ज्या प्रेमदासांनी वाघांना बंदुका दिल्या, त्यांना १ मे १९९३ ला कोलंबोत वाघांच्याच मानवी बॉम्बने उडवलं.

---

दुपारचा_चहा

एक विचारू? शांतिसेनेचे सेनापती हरकिरत सिंग यांचं ते खरं आहे का? प्रभाकरन भेटायला येईल तेव्हा त्याला गोळी घाला असं सांगितलं गेलं आणि त्यांनी नकार दिला?

---

फाटकी_वही

त्यांनी स्वतः तसं लिहिलंय. सूचना कोलंबोतले आपले उच्चायुक्त दीक्षित यांच्याकडून आली, आणि पांढऱ्या निशाणाखाली भेटायला येणाऱ्याच्या पाठीत आम्ही गोळी घालत नाही, असं आपण कळवलं, असा त्यांचा दावा. मानायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला स्वतःला त्यात सेनापतीच्या हुकूमशिस्तीपेक्षा शिपाईगडी जास्त दिसतो, आणि तो आवडतो. घातली असती गोळी तर काय झालं असतं, या खेळात मी पडत नाही.

---

रिकामटेकडी

स्मारकाचं कोणी लिहिलं नाही अजून. शांतिसेनेच्या जवानांचं स्मारक दिल्लीच्या आधी कुठे उभं राहिलं? कोलंबोजवळ, श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथे. लंकेच्या सरकारने बांधलं. ज्यांनी जा म्हणून सांगितलं त्यांनीच नावं दगडावर कोरली. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ही नावं आली २०१९ मध्ये, तेही ते स्मारकच तेव्हा झालं म्हणून. मधली एकोणतीस वर्षं विधवांनी फूल कुठे वाहायचं होतं?

मी वर रुग्णालयाचं लिहिलं म्हणून कोणाला वाटलं असेल मला जवानांबद्दल राग आहे. तसं नाहीये. त्यांना तिथे पाठवणाऱ्यांनी दोन्हीकडच्या मेलेल्यांचा हिशोब कधी मांडला नाही, राग त्याचा आहे.

---

जुना_शिपाई

ताई, बरोबर.

उंबरठा, तुम्ही 'चोरट्यासारखी माघार' म्हणालात. आम्ही चोरासारखे आलो नाही. शिस्तीत आलो, एकेक ठाणं सोडत, शेवटचा माणूस मोजून. बंदरावर बँडही होता. आमच्या मनात तेव्हा एवढंच होतं की घरी जायचं. गावात आल्यावर लोक म्हणाले, "काय रे, टीव्ही आणलास म्हणे लंकेतून?" आणला होता, खोटं का बोलू. त्रिंकोमालीत जपानी टीव्ही स्वस्त मिळायचे, बऱ्याच जणांनी आणले. मग गावात तेच झालं, हे लोक टीव्ही आणायला गेले होते. रामायण संपून महाभारत लागलेलं तेव्हा, सगळी आळी आमच्या घरात बसायची. मला कोणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. टीव्हीचा आवाज होताच.

---

तिरकस

काका, यावर मी काय बोलणार. 'दोनशे शवपेट्या' हे वर जरा जास्तच सहज लिहून गेलो. संपादनाची सोय असती तर काढलं असतं.

---

मैना८१

उंबरठा, मामा तिकडच्या लोकांबद्दल कधी काही बोलायचे का? म्हणजे साध्या लोकांबद्दल.

---

उंबरठा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. शिपाईकाका, 'चोरट्यासारखी' मागे घेतो. तुम्ही होतात, मी नव्हतो.

मैनाताई, बोलायचा नाही. एकदाच, मी कॉलेजात असताना, विचारलं होतं. म्हणाला, एका म्हातारीच्या घराची झडती घेतली, तांदळाच्या रांजणात हात घालून बघितलं, काही नव्हतं. निघताना तिने तांब्याभर पाणी आणून दिलं. पाण्यात विष असेल म्हणून बाहेरचं पाणी प्यायचं नाही असा हुकूम होता. त्याने तिच्यासमोरच ते कुंपणाशी ओतून टाकलं. "ती बघत होती," एवढंच म्हणाला आणि उठून गोठ्यात गेला.

तमिळ त्याला चार-पाच शब्द यायचे, झडतीपुरते. हात वर कर, बाहेर ये, थांब. थांबला म्हणतात 'निल्लु'. परत आल्यावर त्याने घेतलेला एक बैल होता, तांबडा, जरा मारका. त्याला मामा कधी 'हो हो' म्हणाला नाही. औत वळवताना बांधाशी आलं की म्हणायचा, "निल्लु." आणि बैल थांबायचा. आजोबांनी जू धरलं की मात्र हलायचा नाही आणि थांबायचाही नाही, म्हणून शेवटी आजोबाही तेच म्हणायला शिकले.